लिंक अप, पण पॅकेट जात नाही: नेटवर्क ड्रायव्हरमधली रेस कंडिशन कशी काढायची

लिनक्सवर लिंक अप दिसते, पिंग मात्र अडकतं, मग पाचेक सेकंदांनी डीमेसेजमधे (म्हणजे कर्नलच्या, लिनक्सच्या गाभ्याच्या, लॉगमधे) ट्रान्समिट क्यू, म्हणजे पाठवायच्या पॅकेटांची रांग, टाइम आउट झाल्याची ओळ येते आणि सगळं आपोआप सुरू होतं. मे महिन्यात इथे नागपुरात कूलरसमोर बसून मी यात तीन रात्री घालवल्या, केबल बदलली, स्विच बदलला, आणि दोष निघाला ड्रायव्हरच्या कोडमधे.

आधी घोळ समजून घ्या. कळमना मार्केटात संत्र्याच्या गाड्या येतात असं धरा. गेटवाल्याने पाहिलं, यार्ड फुल, तो साखळी लावायला निघाला, तेवढ्यात आतल्या माणसाने सगळ्या गाड्या खाली केल्या, गेटकडे पाहिलं तर साखळी लागलेलीच नाही, म्हणून तो 'उघड' म्हणालाच नाही. मग साखळी लागली! आता यार्ड रिकामं अन् बाहेर लाइन. गेटवाला म्हणजे पॅकेट पाठवणारं फंक्शन, आतला म्हणजे गेलेले पॅकेट साफ करणारं, यार्ड म्हणजे टीएक्स रिंग (पाठवायचे पॅकेट ठेवायच्या ठरावीक जागा), साखळी म्हणजे क्यू थांबवणं, आणि दोघं वेगवेगळ्या कोरवर एकाच वेळी चालतात. कोण आधी पोचतं यावर निकाल बदलतो, हीच रेस कंडिशन.

पहिलं काम, बग हमखास आणा. ईथटूलने (नेटवर्क कार्डाच्या सेटिंग बदलणारी कमांड) टीएक्स रिंग कार्ड देईल तितकी लहान करा, आयपर्फ३ (नेटवर्कवर भरपूर ट्रॅफिक सोडणारं टूल) आठ स्ट्रीमवर सोडा, आणि 'रिंग भरली का' हा चेक अन् क्यू थांबवणं यांच्या मधोमध यूडिले (काही मायक्रोसेकंद थांबवणारं फंक्शन) टाका. माझ्याकडे दिवसातून एकदा येणारा बग मिनिटाभरात यायला लागला.

आता फिक्स. क्यू थांबवल्यावर लगेच एसएमपी_एमबी बॅरियर (आधीचं लिहिणं-वाचणं पुढच्याच्या आधी पूर्ण करायला लावणारी सूचना) टाका आणि रिंगमधली जागा पुन्हा बघा, जागा झाली असेल तर क्यू स्वतःच सुरू करा. साफ करणाऱ्या बाजूलाही, जागा मोकळी केल्यावर आणि 'क्यू थांबलीय का' विचारण्याआधी, तसाच बॅरियर पाहिजे. बरेच जण फक्त दुसरा चेक टाकून सोडतात, तसं करू नका भाऊ, कारण प्रोसेसर आधीचं लिहिणं मागे ठेवून पुढचं वाचणं आधी उरकू शकतो, एक्स८६ वर सुद्धा. स्पिनलॉकनेही (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) काम होतं, पण प्रत्येक पॅकेटमागे लॉक घेणं मला पटत नाही.

मग यूडिले तसाच ठेवून रात्रभर टेस्ट चालवा. टाइम आउटची एकही ओळ नाही आली तर यूडिले काढा, चेकपॅच (पॅचची मांडणी तपासणारी कर्नलची स्क्रिप्ट) चालवा, आणि पॅचमधे फिक्सेस टॅग, म्हणजे बग कोणत्या बदलाने आला ती ओळ, लिहा, म्हणजे जुन्या स्टेबल कर्नलांमधेही हा फिक्स न्यायला सोपं जातं.