सोरायसिस आणि कॅन्सर: घाबरायच्या आधी एक वही काढा

सोरायसिसवाल्यांना, म्हणजे अंगावर खवलेदार लाल चट्टे उठणाऱ्यांना, कॅन्सर होतो असं कुठंतरी वाचून दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी मला विचारतंच, दादा खरंय का हे. अर्धं खरंय. चट्टा सहसा चट्टाच राहतो, त्याचा कॅन्सर होत नाही. पण आपल्यासारख्यांत लिम्फोमा (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर) आणि काही प्रकारचे स्किन कॅन्सर थोडे जास्त दिसतात, आणि त्यात आजारापेक्षा घेतलेली ट्रीटमेंट, तंबाखू, दारू, वजन यांचाच वाटा बराच असतो.

म्हणून पहिलं काम, वही. चट्ट्यांसाठी लाईट, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट किरणांची ट्रीटमेंट, घेत असाल तर प्रत्येक सिटिंग तारखेसकट लिहायचं, पुवा (सोरालेन औषध घेऊन UVA किरण) की नॅरोबँड (औषधाशिवाय नुसते UVB किरण) तेही. अमेरिकेत १९७५ पासून पुवा घेतलेल्या १३८० पेशंटवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं, त्यात दोन-अडीचशेच्या वर सिटिंग झालेल्यांत स्क्वॅमस सेल कॅन्सर, म्हणजे त्वचेचा एक कॅन्सर, बराच वाढलेला दिसला. नॅरोबँडचं तसं काही ठळक दिसलेलं नाही, तरी मोजायचंच. आणि सोरालेनची गोळी खाऊन गच्चीवर उन्हात बसायला सांगतात ना, तेही पुवाच, तेही मोजायचं. मी ते कधीच मोजलं नाही. नवीन डॉक्टरांनी विचारलं एकूण किती झाले, मी म्हटलं असतील दीडेकशे, त्यांनी पेन खाली ठेवून नुसतं बघितलं माझ्याकडे. घरी येऊन पावत्यांची पिशवी उपसली तर ७३ निघाल्या, बाकीच्यांची शाई उडून नुसता पांढरा कागद उरलेला. लाईटच्या चेंबरमध्ये गॉगल आणि चड्डी घालूनच उभं राहायचं, पुवाने पुरुषांत नेमका तिथलाही कॅन्सर वाढलेला दिसलाय.

वहीत औषधंही लिहा. पुवा भरपूर झालेला असेल आणि कुणी सायक्लोस्पोरिन, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, लिहून दिलं तर आधी वही पुढे करा, ही जोडी बरी नाही, आणि ते औषध तसंही एक-दोन वर्षांच्या वर सहसा देत नाहीत. बायोलॉजिकचं, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या ठरावीक भागावर काम करणारं, इंजेक्शन सुरू करताना आधी कधी कॅन्सर झाला असेल तर लपवू नका, पण भीतीपोटी स्वतःच्या मनानं बंदही करू नका. डांबराच्या मलमाला लोक उगाच घाबरतात, नेदरलँड्समध्ये १३ हजारांवर सोरायसिस-एक्झिमाच्या पेशंटचा अभ्यास झाला, २०१० साली छापून आला, कॅन्सर वाढलेला दिसला नाही. घाबरायचं तर "मुळापासून घालवतो" म्हणणाऱ्याच्या बिननावाच्या पुडीला घाबरा. सोमल, म्हणजे आर्सेनिक, एकेकाळी पाश्चात्त्य डॉक्टरसुद्धा सोरायसिसवर द्यायचे, त्यातल्या काहींना पुढं कैक वर्षांनी तळहातावर टणक ठिपके आणि त्वचेचे कॅन्सर झाले.

आता अंग तपासायचं. महिन्यातून एकदा, आंघोळीनंतर, ट्यूबलाईटखाली. पाठ दिसत नाही तर घरच्यांना फोटो काढायला सांगा आणि शेजारी रुपयाचं नाणं धरायला लावा, पुढच्या महिन्यात चट्टा वाढला की नाही ते लगेच कळतं. बघायचं काय, तर बाकीचे सगळे मलमानं बसले आणि एकच हट्टी राहिला असला चट्टा, महिना झाला तरी न भरणारी, रक्त येणारी जखम, नवीन टणक गाठ. कंबर, ढुंगण, मांडी, जिथं ऊन लागत नाही तिथला पातळ, सुरकुतलेला चट्टा तर नक्कीच दाखवा, कारण मायकोसिस फंगॉइडिस नावाचा त्वचेचा लिम्फोमा वर्षानुवर्षं सोरायसिससारखाच दिसतो. बायॉप्सी, म्हणजे त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासणी, सांगितली तर करून घ्या, आधी काही दिवस मलम बंद ठेवायला सांगितलं तर चोरून लावू नका, आणि एकदा काही निघालं नाही म्हणून परत करायला सांगितली तर चिडू नका, या लिम्फोमात असं होतं. काखेत-मानेत गाठी, रात्री कपडे भिजतील इतका घाम, आपोआप उतरणारं वजन, यातलं काही असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही.

आणि तोंड. सिगरेट, गुटखा, मिश्री, काहीही असेल तर कॅन्सरच्या हिशोबात सगळ्या चट्ट्यांपेक्षा ते जड आहे. तिशीनंतर सरकारी दवाखान्यात तोंड तपासून देतात, बायकांचं स्तन आणि गर्भाशयाच्या मुखाचंही, आपल्याला सोरायसिस आहे म्हणून ते सोडायचं नाही.

जाताना वही आणि फोटो घेऊन जा. चड्डीखालचा चट्टा दाखवायला लाजू नका, डॉक्टरांनी सकाळपासून तसले दहा बघितलेले असतात.