माळ्यावरचा टीव्ही गेम परत चालू कसा करायचा

दिवाळीची साफसफाई करताना ठाण्यातल्या नौपाड्याच्या घरी माळ्यावरून आमचा जुना टीव्ही गेम सापडला, दोन रिमोट, सात कॅसेट आणि काळी गन सगळं एका साडीच्या खोक्यात. भाचा म्हणाला मामा हे काय आहे, मी म्हटलं थांब दाखवतो, आणि दाखवायला मला दोन रविवार लागले. तुमच्याकडे असा डबा पडला असेल तर माझ्या चुका करू नका म्हणून लिहितोय.

आधी हा डबा नक्की आहे काय ते समजून घ्या, म्हणजे पार्ट शोधताना चुकणार नाही. आपण ज्याला नुसतं टीव्ही गेम म्हणायचो ती बहुतेक घरांत निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल होती. खरा फॅमिकॉम जपानमध्ये १५ जुलै १९८३ ला आला, मासायुकी उएमुरा नावाच्या इंजिनिअरच्या टीमने बनवला, त्यात मेन मेमरी फक्त २ केबी. हो, केबीच. व्हॉट्सॅपवर येणारा गुड मॉर्निंगचा एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही आणि त्यावर अख्खा मारिओ पळायचा. नकला करणाऱ्यांनी नंतर सगळं सर्किट एका चिपमध्ये कोंबलं, डबा उघडलात तर बोर्डावर काळ्या डांबराचा थेंब पडल्यासारखा दिसतो, तीच ती चिप. ती गेली असेल तर विषय संपला, बाकी सगळं दुरुस्त होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, अडॅप्टर. घरात दिसेल तो अडॅप्टर लावू नका!! मी वायफायच्या जुन्या राउटरचा लावला, पिन बरोब्बर बसली म्हणून खूश झालो आणि दोन सेकंदांत जळका वास. राउटरचा १२ व्होल्टचा होता, डब्याला हवा होता ९ चा, वर प्लस मायनसही उलटं. पिनेत आत प्लस की बाहेर प्लस हे प्रत्येक डब्यात सारखं नसतं, खऱ्या फॅमिकॉमला आत मायनस लागतो आणि राउटरला बहुतेक वेळा आत प्लस. डब्याच्या खाली गोलाचं चिन्ह असतं ते बघा, नसेल तर टीव्ही रिपेअरवाल्याकडून मीटरने चेक करून घ्या. माझं नशीब चांगलं, फक्त ७८०५ गेला होता, म्हणजे ९ चे ५ व्होल्ट करणारा तीन पायांचा रेग्युलेटर, अगदी स्वस्त मिळतो. जवळ कुठे मिळाला नाही म्हणून फास्ट लोकलने दादर, तिथून वेस्टर्नची स्लो पकडून ग्रँट रोडला उतरलो, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या लॅमिंग्टन रोडवर पहिल्याच दुकानात मिळाला. जुना काढून नवा डाग देऊन बसवला.

मग कॅसेट. फुंकर मारायची नाही, खरंच नाही. लहानपणी फुंकर मारून चालायची ती फुंकरीने नाही, काढून परत लावली की कॉन्टॅक्ट नीट बसायचा म्हणून, उलट तोंडातल्या वाफेने पट्टीला गंज चढतो. शाळेतलं साधं पांढरं खोडरबर घ्या, कॅसेटच्या सोनेरी पट्टीवर हलक्या हाताने फिरवा, भुगा झटका, मग कानातल्या कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. माझी काडी पहिल्या फटक्यात काळीकुट्ट झाली, पंचवीस-तीस वर्षांचा मळ. पूर्ण वाळल्याशिवाय लावू नका. आणि नवीन कॅसेट विकत घेणार असाल तर ६० पिनांचीच घ्या, १९८५ मध्ये अमेरिकेत आलेल्या एनईएसची, म्हणजे फॅमिकॉमच्याच अमेरिकन अवताराची, कॅसेट ७२ पिनांची असते, ती बसणारच नाही.

रिमोटचं बटण दाबलं जात नसेल तर मागचे स्क्रू काढा, रबराखाली काळे टिकलीएवढे ठिपके असतात, ते आणि बोर्ड त्याच अल्कोहोलने पुसा. तरीही नाही झालं तर वायर तुटलीय, आणि ती नेहमी रिमोटच्या तोंडाशीच तुटते कारण आपण ओढून ओढून खेळायचो.

टीव्हीला जोडणं सोपं आहे. पिवळी पिन व्हिडिओ, पांढरी किंवा लाल आवाज. नवीन टीव्हीला ही भोकं नसतील तर कन्व्हर्टर मिळतो, फक्त एव्ही इन आणि एचडीएमआय आउट असलाच बघून घ्या, उलटा पण मिळतो आणि दुकानदार बिनधास्त तोच देतो. डब्याला फक्त अँटेनाची वायर असेल तर टीव्हीत अॅनालॉग चॅनल सर्च मारा. चित्र ब्लॅक अँड व्हाइट आलं तर घाबरू नका, सेटिंगमध्ये कलर सिस्टिम पाल किंवा एनटीएससी बदलून बघा. चित्राचा साइझ ४:३ करा नाहीतर मारिओ जाडा दिसतो, आणि गेम मोड चालू करा म्हणजे उडी उशिरा पडणार नाही.

राहिली गन. ती नवीन टीव्हीवर चालणार नाही, कितीही खटपट करा. गन काही फेकत नाही, तिच्या नळीत उजेड ओळखणारा डोळा असतो. १९७२ च्या ऑडिसीला, म्हणजे घरी टीव्हीला जोडायच्या पहिल्या गेमलाही बंदूक होती, पण तिला बल्ब दाखवला तरी नेम लागायचा. म्हणून बदकांच्या गेममध्ये, म्हणजे १९८४ च्या डक हंटमध्ये, घोडा दाबला की आधी अख्खा स्क्रीन क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, आणि आधी अंधार मग उजेड असं दिसलं तरच बदक पडतं. हा हिशेब जुन्या डबा टीव्हीच्या वेगावर बांधलेला, नवीन टीव्ही चित्र थोडं उशिरा दाखवतो, तोवर गेमने नेम चुकला म्हणून ठरवलेलं असतं.

आमच्या मावशीकडे कोपरीला अजून तसला टीव्ही आहे, वर क्रोशाचं कव्हर आणि गणपती. गन तिकडेच ठेवलीय. भाचा आता दर शनिवारी मावशीआजीकडे जायचं म्हणतो, आणि मावशी म्हणते ये पण गणपती उचलून बाजूला तूच ठेवायचास.