समोर कोण बसलंय ते ओळखा, मग बोला

चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटीचं काम बघते. भरती निघाली की मुलाखती घ्यायलाही बसते. डिप्लोमा मेकॅनिकल करून कुठेतरी अ‍ॅप्रेंटिस राहिलेली मुलं-मुली येतात, लातूर-बीडकडची, सांगलीकडची. कामाची जाण चांगली असते. पण पाठ केलेलं एकच उत्तर एचआरला, शॉपवरच्या (जिथे प्रत्यक्ष उत्पादन चालतं तिथल्या) सरांना आणि प्लांट हेडला जसंच्या तसं ऐकवतात आणि तिथेच मागे पडतात. मला ते बघवत नाही.

खरं आहे तेच सगळ्यांना सांगायचं. बदलायचं ते एवढंच, की आधी काय सांगायचं आणि किती सांगायचं. समोरच्याला काय हवंय हे बहुतेक वेळा पहिल्या दोन प्रश्नांत कळतं.

सुरुवात एचआरपासून होते. त्यांच्यासमोर फॉर्म असतो आणि तो भरायचा असतो. "नाइट शिफ्ट चालेल का?" याला "हो, चालेल, मोशीला रूम आहे" एवढं पुरतं. चालणार नसेल तर तेही इथेच सांगा. "स्वतःबद्दल सांगा" म्हटलं की मिनिटभरात शिक्षण, कुठे काय काम केलं आणि आता कसलं काम हवंय ते सांगून थांबा. इंग्रजीत अडखळायला होत असेल तर "मराठीत किंवा हिंदीत सांगितलं तर चालेल का?" असं एकदा सरळ विचारून घ्या. यात कमीपणा काही नाही.

शॉपवरच्या सरांबद्दल मात्र जास्त लिहायला हवं, कारण आमच्याकडे खरी निवड तिथे होते. ते फार बोलत नाहीत. टेबलावर एक बुश (नळीसारखा पोकळ भाग), त्याचं ड्रॉइंग आणि व्हर्निअर (जबड्यांनी माप घ्यायचं साधन) ठेवतात आणि म्हणतात, "बोअर मोज," म्हणजे आतल्या भोकाचा व्यास. बहुतेक मुलं लगेच जबडे आत घालून आकडा सांगतात. सर बघत असतात ते वेगळंच. जबडे पुसले का? बंद करून शून्य तपासलं का? आणि मुख्य म्हणजे ड्रॉइंग वाचलं का? तिथे २५ एच७ लिहिलेलं असतं. म्हणजे बोअर २५.००० ते २५.०२१ मिमीच्या मध्ये हवा. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, २१ मायक्रॉन, आणि हातातल्या व्हर्निअरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२ मिमी, म्हणजे २० मायक्रॉन. या व्हर्निअरने तो नग पास की फेल हे ठरवताच येत नाही. "सर, रीडिंग देतो, पण निर्णयाला बोअर गेज किंवा प्लग गेज लागेल," असं जो म्हणतो, त्याच्याशी सर मग बराच वेळ बोलतात. अशा माणसासमोर व्याख्या सांगत बसू नका. हात चालू ठेवा आणि जे करताय ते तोंडाने सांगत जा. बोअर गेज कधी हाताळला नसेल तर तसं सांगा, आणि गो, नो-गो प्लग गेज (गो बाजू भोकात जायला हवी, नो-गो जायला नको) कसा वापरलात ते दाखवा.

तिसरा प्रकार मोठ्या साहेबांचा, जे उत्तर संपलं तरी नुसते बघत राहतात. पोरं घाबरतात, ती शांतता भरून काढायला बोलत सुटतात आणि आधी सांगितलेल्याच्या उलट काहीतरी बोलून जातात. उत्तर झालं की थांबा. फारच लांबलं तर "सर, यातलं अजून काही सांगू का?" एवढं विचारा आणि पुन्हा गप्प बसा.

काहीजण मुद्दाम खोडून काढतात. "कंट्रोल चार्ट कशाला हवेत? सगळे नग तपासले की झालं." इथे "हो सर" म्हणून मान डोलावू नका आणि आवाजही चढवू नका. कारण द्या: शंभर टक्के तपासणीतही माणसाच्या नजरेतून नग सुटतात, आणि कंट्रोल चार्टवर, म्हणजे ठरावीक वेळाने घेतलेल्या मापांच्या आलेखावर, माप सरकताना दिसतं, नग खराब व्हायच्या आधीच. त्यांनी तुम्हाला ठाऊक नसलेली एखादी गोष्ट सांगितली आणि ती पटली, तर मत बदला आणि बदललं असं स्पष्ट सांगा. आम्हाला उद्या लाइनवर याच माणसाबरोबर वाद घालायचा असतो, म्हणून हे तपासतो.

आता एकच अनुभव तिघांना कसा सांगायचा ते बघा. समजा, अ‍ॅप्रेंटिस असताना तुमच्या मशीनवर बोअर अंडरसाइज, म्हणजे हवे त्यापेक्षा लहान, येत होते आणि नगांचं रीवर्क, म्हणजे त्यांच्यावर पुन्हा काम, करावं लागत होतं. एचआरला सांगा: "एका पार्टचं रीवर्क वाढलं होतं, ऑपरेटरबरोबर बसून कारण शोधलं." शॉपवरच्या सरांना सांगा: "गो गेज जात नव्हता. इन्सर्ट (धातू कापणारं टोक) झिजल्यामुळे बोअर हळूहळू लहान होत होता. किती नगांनंतर ऑफसेट (मशीनवर मापाची दुरुस्ती) द्यायचा ते ठरवलं आणि तपासणीचं अंतर कमी केलं." प्लांट हेडला निकाल आधी: रीवर्क कितीवरून कितीवर आलं, किती दिवस टिकलं, पुन्हा आलं का. आकडे स्वतःचे, वहीत लिहिलेले हवेत. ऐनवेळी रचलेला आकडा दुसऱ्याच प्रश्नाला उघडा पडतो.

पॅनल असेल तर ज्याने विचारलं त्याच्याकडे बघून सुरुवात करा, मधे बाकीच्यांकडेही नजर जाऊ द्या. आणि तयारी आरशासमोर करू नका. रूमवरच्या मित्रांना बसवा: एकाने फॉर्म भरायचा, एकाने फक्त बघत राहायचं, एकाने प्रत्येक उत्तर खोडायचं. तुम्ही तिघांनाही तोच रीवर्कचा किस्सा सांगा आणि कुणाला काय कळलं ते त्यांच्याकडून वदवून घ्या.