साथीच्या दिवसांत किराणा दुकान

कोरोनासारखी हवेतून पसरणारी साथ असेल तर फरशीआधी हवेचं बघा. शटर पूर्ण वर, मागच्या भिंतीत उंचावर एक्झॉस्ट पंखा, वारा बाहेर फेकणारा. नुसता छताचा पंखा आतलीच हवा घुसळतो. गल्ल्याभोवती प्लास्टिक गुंडाळू नका. आत बसणाऱ्याचीच हवा कोंडते. याद्या व्हॉट्सअ‍ॅपवर घ्या, गिऱ्हाईक उंबऱ्याबाहेर.

काउंटर पुसायला ०.१ टक्के क्लोरीनचं पाणी: ३० टक्केवाली ब्लीचिंग पावडर साधारण १७ ग्रॅम, थंड पाणी ५ लिटर. ढवळून गाळ बसू द्या, वरचं नितळ पाणी वापरा. आधी साबणाने तेलकटपणा काढा, नाहीतर क्लोरीन त्या मळातच संपतो. मग पृष्ठभाग १० मिनिटं ओला राहू द्या. पाणी रोज नवं करा. ओल लागलेली जुनी पावडर फेका. या पावडरीची किंवा पाण्याची टॉयलेटच्या अ‍ॅसिडशी गाठ पडली तर विषारी वायू सुटतो. वजनकाट्यावर हे पाणी नकोच, ७० टक्के अल्कोहोल फडक्यावर घेऊन पुसा, आणि ती बाटली देव्हाऱ्यातल्या उदबत्तीपासून लांब.

ताप आलेल्या पोऱ्याचा पगार कापू नका. कापलात तर पुढचा माणूस गोळी खाऊन, ताप लपवून कामावर येईल.