ताडोबाच्या गेटजवळ चार खोल्या असतील तर त्यातून जास्तीत जास्त भाडं कसं काढायचं

मोहर्ली, कोलारा किंवा कुठल्याही गेटच्या गावात खोल्या बांधल्या की पहिला प्रश्न येतो, "भाडं किती ठेवू?" त्याआधीचा प्रश्न मात्र बहुतेक जण सोडून देतात: महिन्यातल्या किती रात्री भरतात? चार खोल्या आणि तीस दिवस म्हणजे विकायला १२० रात्री. सगळा हिशेब या १२०वर करायचा, भरलेल्या रात्रींवर नाही.

समजा भाडं ३,५०० ठेवलं आणि ४८ रात्री गेल्या. गल्ला १,६८,०००. दुसऱ्याने सरासरी २,६०० घेतले आणि ८० रात्री भरल्या, तर गल्ला २,०८,०००. आता एक रात्र भरल्यावर जो वाढीव खर्च येतो तो वजा करा. एसी दहा तास चालला तर साधारण १५ युनिट, युनिटला १२ रुपये धरले तर १८० रुपये. चादरी-टॉवेल धुणं १२०, दोघांचा चहा-नाश्ता १५०, सफाईची मजुरी १००, साबण-पाणी-किरकोळ ५०. म्हणजे ६०० रुपये. तो काढल्यावर पहिल्याकडे १,३९,२०० उरतात, दुसऱ्याकडे १,६०,०००. तुमचे आकडे वेगळे निघतील, पण हा वाढीव खर्च वहीत लिहिलेला पाहिजे, कारण भाव कुठवर खाली आणायचा हे तोच ठरवतो. कर्जाचा हप्ता यात धरू नका. खोली रिकामी राहिली तरी हप्ता जातोच.

इथे येणारा पाहुणा खोलीसाठी येत नाही, सफारीसाठी येतो. त्यामुळे फोन आला की तारीख विचारायच्या आधी परमिट विचारा: कोणतं गेट, कोणत्या दिवसाची, सकाळची की दुपारची फेरी? कोलाऱ्याचं परमिट असलेल्या माणसाने मोहर्लीत खोली घेतली तर पहाटे त्याला जंगलातून आरपार जाता येत नाही, बाहेरून लांबचा वळसा पडतो. फेरी हुकली की राग खोलीवाल्यावर निघतो. परमिट अजून काढलं नसेल तर खोली ४८ तास विनापैसे राखून ठेवा, मग ५० टक्के आगाऊ घ्या. अट साधी ठेवा: सात दिवस आधी कळवलं तर पैसे परत, नंतर नाही. ही अट पैसे घ्यायच्या आधी व्हॉट्सॲपवर मराठीत आणि हिंदीत पाठवून "चालेल" असं उत्तर मागून घ्या.

आता आठवड्याकडे पाहू. ताडोबाचा कोअर, म्हणजे आतलं मुख्य जंगल, मंगळवारी बंद असतो, म्हणजे सोमवारची रात्र पडून राहते. मंगळवारची रात्र चालते, कारण बुधवारी पहाटे गाड्या सुटतात. सोमवारी भाव सरसकट पाडण्यात अर्थ नाही. सोमवारी दुपारची फेरी करून अंधार पडल्यावर नागपूरला निघणाऱ्यालाच विचारा, "जेवण करून राहा, मंगळवारी दुपारी बारापर्यंत खोली तुमची." १,८०० रुपयांत जेवणासह दिली तरी खर्च सुटून वर उरतं. शिवाय त्याला दुसऱ्या दिवशीचा रस्ता आखून द्या: चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट आणि महाकाली मंदिर, परतताना भद्रावतीची विजासन लेणी, वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन. ही दोन्ही गावं नागपूरच्या वाटेवरच आहेत. बफरच्या, म्हणजे कोअरभोवतीच्या जंगलाच्या, गेटला आठवडी सुट्टी कधी ते पाहून मंगळवारसाठी तीही फेरी सुचवता येते. सोमवारी खोल्या तरीही रिकाम्या राहिल्या तर गाद्या उन्हात टाका, कूलरची टाकी खरवडा. हे काम शनिवारी करायला कोणाला वेळ मिळणार?

शनिवारची गोष्ट उलट. एकटा शनिवार विकला की शुक्रवार किंवा रविवार अडकतो. ३,५००ला एक शनिवार देण्यापेक्षा शुक्रवार-शनिवार मिळून ६,००० घेतलेले बरे. दोन रात्रींची अट मार्च ते जून, दिवाळी आणि नाताळ ते नववर्ष या दिवसांत लावाच. तारखेला चार दिवस उरले आणि मधली एकच रात्र सुटी दिसत असेल तर अट काढून टाका. बरेच जण इथे अडून बसतात.

खरी गळती मात्र वेळेत आहे. सकाळी दहाला खोली सोडा, ही शहरी लॉजची रीत इथे चालत नाही. पाहुणा पहाटे पाचच्या आत बाहेर पडतो, धुळीने माखून साडेदहा-अकराला परततो, त्याला आंघोळ आणि पोहे हवे असतात. इकडे नवा पाहुणा दुपारच्या फेरीसाठी साडेबारालाच दारात उभा. म्हणून सोडायची वेळ साडेअकरा ठेवा, द्यायची एक. एवढ्या दीड तासात दोन माणसांनी चार खोल्या करायच्या, तर अर्धं काम आधी उरकलेलं पाहिजे. पाहुणे जंगलात असताना त्यांच्या परवानगीने झाडू, संडास-बाथरूम आणि कचरा करून घ्या. ते गेल्यावर चादरी, टॉवेल, फरशीवर एक हात, एवढंच उरतं. प्रत्येक पलंगाला चादरींचे तीन जोड हवेत: एक अंथरलेला, एक धुण्यात, एक कपाटात. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, तेव्हा चार. अंगणात नळ आणि गडद रंगाचे हातपुसणे ठेवले तर जिप्सीची लाल धूळ पांढऱ्या टॉवेलवर येत नाही, टॉवेल जास्त दिवस टिकतो.

एसी की कूलर, यावर आमचं मत स्पष्ट आहे: दोन खोल्यांत एसी, दोन खोल्यांत खसच्या ताट्यांचा मोठा कूलर, आणि भाड्यात ७००-८०० रुपयांचा फरक. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५च्या वर जातो, पण हवा कोरडी असते, त्यामुळे कूलर झकास चालतो आणि वीज एसीच्या सातव्या-आठव्या हिश्श्याने लागते. अट एकच, समोरची खिडकी चार बोटं उघडी हवी. बंद खोलीत हवा दमट होते आणि पाहुणा म्हणतो कूलर बिघडला. पावसाळ्यात मात्र कूलरचा काही उपयोग नाही. एसीला स्टॅबिलायझर लावल्याशिवाय उन्हाळ्यात चालवू नका, संध्याकाळी विजेचा दाब पडला की कॉम्प्रेसर उचलत नाही. टिनाचं छत असेल तर आधी खाली सिलिंग, मगच एसी. स्लॅबला चुना मारला तरी बराच फरक पडतो.

बुकिंगच्या साइट १५ ते २५ टक्के कापतात. ३,०००च्या खोलीवर २० टक्के गेले की हातात २,४०० येतात. तोच पाहुणा पुढच्या वेळी थेट २,७००ला आला तर दोघांचेही ३०० वाचतात. काही साइटच्या करारात इतरत्र कमी भाव जाहीर करायला मनाई असते, तेव्हा भाव तोच ठेवून झुणका-भाकर, पाटवड्यांचं जेवण त्यात द्या. साइट बंद करू नका, नवा माणूस तिथूनच येतो.

गाडी घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरला विसरू नका. मागच्या खोलीत पंखा, दोन खाटा, स्वच्छ संडास आणि जेवण २५० रुपयांत दिलं तर पुढच्या सवारीला तोच तुमचा पत्ता सांगतो. त्याला गाडीत झोपवणाऱ्याचं नाव नागपूरच्या स्टँडवर लवकर पोचतं.

कागदपत्रं थोडक्यात. प्रत्येकाच्या ओळखपत्राची नोंद ठेवा. परदेशी पाहुणा असेल तर त्याच्या मुक्कामाची माहिती (याला सी फॉर्म म्हणत आले आहेत) २४ तासांत सरकारकडे ऑनलाइन भरा. वर्षाची उलाढाल २० लाखांवर जायला लागली की जीएसटीसाठी सीएला गाठा. २२ सप्टेंबर २०२५पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला दर ५ टक्के आहे, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही.

१ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद. बफरच्या भरवशावर महिन्यात आठ रात्री १,५००ने गेल्या तर १२,००० येतात, वाढीव खर्च ४,८०० काढून ७,२०० उरतात. रस्त्याच्या कामावरचा इंजिनिअर किंवा बँकेत बदलून आलेला कर्मचारी महिन्याला ९,००० देत असेल, वीज आणि धुणं त्याच्याकडे असेल, तर कूलरच्या दोन खोल्या त्याला देणं फायद्याचं. एसीच्या दोन शनिवार-रविवारसाठी मोकळ्या ठेवा. करार लेखी करा आणि मुदत २० सप्टेंबरची टाका. १ ऑक्टोबरला गेट उघडतं, आणि ओल आलेल्या भिंतींना रंग वाळायला तेवढे दहा दिवस लागतातच.