जुनी गाडी घरी चमकवताय? आधी या चुका टाळा

खंडेनवमी जवळ आली की आमच्या बेळगावात गल्लोगल्ली गाड्या धुण्याची घाई सुरू होते, आणि मला फोन यायला लागतात. "काका, बॉनेटवर गोल गोल रेघा दिसायला लागल्यात, काय लावू?" गेली वीस वर्षं मी माझी आणि पाहुण्यांची जुनी गाडी घरीच साफ करतोय. या रेघांचं कारण दर वेळी एकच निघतं: धुळीवरून कोरडं कापड फिरवलेलं असतं. मग त्या घालवायला माणूस दुकानातून रबिंग कंपाउंडचा (रंग घासून रेघा काढणाऱ्या खरखरीत मलमाचा) डबा आणतो आणि त्याहून मोठं नुकसान करून बसतो. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

कोरडं फडकं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, कारण ती रोज सकाळी, प्रेमाने केली जाते. आपल्या भागातली धूळ साधी नाही. खानापूर, जांबोटी, चोर्ल्याकडून आलात तर जांभ्याची लाल माती दाराच्या बीडिंगमध्येसुद्धा घुसलेली असते, आणि तिच्यात रेतीचे बारीक कण असतात. निपाणी, चिकोडी, अथणीकडची काळी माती मडगार्डच्या आत गोळे करून बसते. गळीत हंगामात कारखान्याच्या आसपास गाडी लावली की वर राख पडते ती वेगळीच. यातल्या कशावरूनही कोरडं कापड ओढणं म्हणजे पत्र्यावर पॉलिश पेपर फिरवणं. पांढऱ्या गाडीवर ते चटकन दिसत नाही. काळ्या किंवा गडद निळ्या गाडीवर उन्हात जाळं पसरल्यासारखं दिसतं.

माझी पद्धत सांगतो. आधी नुसतं पाणी, टपापासून खाली, चांगली दहा मिनिटं. मडगार्डच्या आत पाइप घालून चिखलाचे गोळे पाडायचे. मग दोन बादल्या: एकीत कार शाम्पू, दुसरीत साधं पाणी. टप धुतलं की कापड साध्या पाण्यात खळबळायचं, मगच पुन्हा शाम्पूत. असं एकेक भाग करत उतरायचं. दाराचा खालचा भाग शेवटी. चाकांचं कापड कायमचं वेगळं. जमिनीवर पडलेलं कापड त्या दिवसापुरतं बाद, मग ते कितीही महागाचं असो. पुसताना मायक्रोफायबर अंथरून पाणी टिपायचं, घासायचं नाही.

"इतका वेळ कुणाला आहे?" असं मला विचारतात. ज्याला रविवारचे दोन तास काढता येत नाहीत, त्याने नुसतं पाणी मारून गाडी तशीच सोडावी. धुळकट राहिलेल्या रंगाचं काही बिघडत नाही.

बोअरचं पाणी असेल तर ते गाडीवर वाळू देऊ नका, क्षारांचे पांढरे ठिपके राहतात. राहिलेच तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं करून ओल्या कापडाने लावा, अर्ध्या मिनिटात धुऊन टाका. मी पावसाळ्यात पागोळ्यांखाली बॅरल ठेवतो. पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी झाडांना घालतो, पुढचं गाडीला. शेवटचा हात त्या पाण्याचा दिला की ठिपका राहत नाही.

रबिंग कंपाउंड आणि मशीनची घाई

माझ्या भाच्याने निपाणीहून जुनी लाल झेन घेतली. मागच्या मालकाने बरीच वर्षं उन्हात ठेवलेली, रंग उडून गुलाबीसर झालेला. मी त्याला म्हटलं, दोन रविवार थांब, आपण हाताने करू. त्याला दसऱ्याला गाडी काढायची होती. त्याने उद्यमबागेतल्या एका ओळखीच्या वर्कशॉपमधून ग्राइंडर आणला, त्याला स्पंज बसवला आणि मला म्हणाला, "एका तासात चमकवून दाखवतो बघा की ओ मामा."

पहिली दहा मिनिटं बॉनेट खरंच आरशासारखं दिसत होतं. तिथेच तो फसला. बॉनेटच्या मधल्या उंचवट्याच्या कडेवर स्पंज क्षणभर रेंगाळला आणि तिथे पांढरट पट्टा उमटला. "रंगच गेला की ओ मामा!" खालचं प्रायमर वर आलं होतं. पुढे अख्खं बॉनेट रंगवून घ्यावं लागलं, आणि नवा लाल आणि जुना लाल आजही जुळत नाही. त्या गाडीवर त्याचा फार जीव आहे. त्या संध्याकाळचा त्याचा चेहरा मी विसरलेलो नाही.

यात नेमकं काय झालं ते समजून घ्या. चार इंची ग्राइंडर मिनिटाला 11,000 फेऱ्यांच्या आसपास फिरतो. पॉलिशिंगचं मशीन साधारण 3,000 च्या आत चालतं. आणि कंपनीतून आलेला रंग, प्रायमर धरून, साधारण 100 ते 150 मायक्रॉन असतो, म्हणजे डोक्यावरच्या एक-दोन केसांची जाडी. त्यातला वरचा क्लिअरचा (रंगावरच्या पारदर्शक लेपाचा) थर 40-50 मायक्रॉनचा. कडांवर रंग आणखी पातळ बसलेला असतो. जुन्या गाडीवर मधे कुणी किती वेळा रबिंग केलंय, कुठे खड्ड्यात लांबी (पुट्टी) भरलीय, हे आपल्याला कुणी सांगत नाही.

म्हणून मी आधी दाराच्या आतल्या कडेला पांढऱ्या कापडाने थोडं पॉलिश घासून बघतो. कापडाला गाडीचा रंग लागला तर वर क्लिअर नाही, थेट रंगावरच काम चाललंय. तसं असेल तरी हलकं पॉलिश चालतं, पण हातानेच, आणि चमक आली की थांबायचं. कडांवर आधी मास्किंग टेप. एका वेळी फूटभर जागा. मग वॅक्स, दर तीन महिन्यांनी. क्लिअरचे पापुद्रे सुटले असतील तर कुठलाही डबा ते परत आणत नाही. तिथे पेंटरच लागतो. नवशिक्याने कंपाउंडचा डबा आणूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

थोडक्यात आवरण्याजोग्या चुका

भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर वापरलीत तर लावलेलं वॅक्स निघून जातं.

तापलेल्या पत्र्यावर शाम्पू घालू नका. सकाळी सातला सावलीत धुवा.

डिझेलचा हात दिलेली गाडी दोन दिवस चमकते, मग धूळ धरून बसते, आणि रबर फुगतं. डांबराच्या ठिपक्यापुरतं रॉकेल चालेल, लगेच शाम्पूने धुतलं तर.

पिवळ्या हेडलाइटला टूथपेस्ट हा काही दिवसांचा खेळ आहे. 1000, 2000, 3000 नंबरचे वॉटर पेपर पाणी घालून क्रमाने फिरवा आणि वर यूव्ही कोट (उन्हापासून वाचवणारा लेप) मारा. कोट नाही मारला तर हेडलाइट पुन्हा पिवळा पडतो.

डॅशबोर्डचं चकचकीत पॉलिश स्टेअरिंगला आणि पेडलला कधीही लावू नका. पाय सटकतो.

पूजेचं हळदकुंकू, नारळाचं पाणी त्याच संध्याकाळी धुवा. हळद प्लास्टिकवरून सहजी जात नाही.

आतून पाणी ओतणं

ही चूक मी स्वतः केलीय. माझ्या मारुती 800 चं कार्पेट मी जुलैत बादलीने पाणी ओतून धुवायचो. वरून हात लावला की कोरडं वाटायचं. खालचा नमदा (जाड लोकरी अस्तर) मात्र आठवडाभर ओला, कारण आपल्याकडच्या पावसात वाळणार कधी? दोन पावसाळे असं केलं. तिसऱ्या वर्षी कार्पेट उचललं तर ड्रायव्हरच्या टाचेखाली पत्र्यातून स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. पॅच वेल्डिंग करून घेतलं, पण ती जागा मी अजून दर वर्षी बघतो.

आता आतलं काम मी एप्रिल-मेमध्येच करतो. सीटचे बोल्ट काढून कार्पेट बाहेर, दोन दिवस उन्हात. एरवी कोरडा ब्रश, व्हॅक्यूम आणि घट्ट पिळलेलं कापड, एवढंच. पावसाआधी वायपरखालच्या जाळीतला पाला काढतो आणि दारांच्या खालच्या कडेची पाणी जायची भोकं खराट्याच्या काडीने मोकळी करतो. गाडी धुतल्यावर दार उघडून तिथे बघा: पाणी ठिबकत असेल तर भोकं मोकळी आहेत. दार हलवल्यावर आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला, तर लगेच काडी घाला.