वाचायला वेळ देणारी नोकरी मला अशी मिळाली

कळंगुटच्या एका हॉटेलात मी रिसेप्शनवर होतो. डिचोलीहून जाऊन-येऊन दिवसाचे 12 तास जायचे. रात्री पुस्तक उघडलं की दुसऱ्याच पानावर डोळे मिटायचे. वर्षभरात जेमतेम दोन पुस्तकं झाली, आणि ते मला फार लागलं.

मग आठवडाभर वहीत मांडलं, कामात हात नेमके कधी रिकामे असतात. कळलं की वेळ कमी असण्यापेक्षा तो तुकड्यातुकड्यांत मिळणं जास्त नडतं. म्हणून हलकं काम शोधायचं सोडलं आणि वाट बघत बसायचं काम शोधू लागलो.

पणजीतल्या एका छोट्या लॉजवर रात्रपाळीची जागा होती. पगाराच्या आधी मी मालकांना विचारलं, "रात्री अकरानंतर काय काम असतं?" मी वाचत बसेन, हेही सरळ सांगितलं. "वाच रे, झोपू नको म्हणजे झालं," ते म्हणाले. पगार चार हजारांनी घटला, घरी बोलणी खाल्ली.

आता बारा ते साडेचार टेबल माझं. दिव्याचा उजेड फक्त पानावर. उशिराचं गिऱ्हाईक येतं म्हणून आधी एखादी कथा, कादंबरी एक वाजल्यानंतरच. पावसाळ्यात तर खोल्या रिकाम्याच, पण दमट हवेनं पानं फुगतात. पुस्तकं झाकणाच्या डब्यात ठेवतो.

ती आणतो पणजीतल्याच पाटो भागातल्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयातून. 1832 सालचं हे ग्रंथालय कदंब बसस्टँडपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. पाळीवर जाताना तासभर आधीच निघतो.